वकिलीची सनद मिळाली, पुढे काय? ज्युनिअर म्हणून पहिली तीन वर्षं कशी काढावीत

एलएलबीचा निकाल लागला की घरात पेढे वाटले जातात. मोहल्ल्यात लोक 'वकीलसाहेब' म्हणून हाक मारू लागतात. वर्षभराने त्याच घरातून वेगळा सूर ऐकू येतो. मुलगा रोज सकाळी काळा कोट घालून जातो, रात्री आठ-नऊला परत येतो आणि महिनाअखेरीला खिसा रिकामाच. मामू विचारतात, "इतकं शिकून मिळालं काय?" शेजारचा डिप्लोमा केलेला मुलगा तोपर्यंत कंपनीत लागलेला असतो. मग दुसऱ्या वर्षी कधीतरी कोट खुंटीला टांगला जातो आणि चांगला वकील होऊ शकणारा एक तरुण दुसऱ्याच कामाला लागतो.

ज्यांच्या घरात वडील किंवा आजोबा वकील होते, त्यांना ऑफिस, पुस्तकं आणि पक्षकार तयार मिळतात. आपल्या समाजातले अनेक तरुण मात्र घरातले पहिलेच वकील असतात. त्यांना कुणाला विचारावं हेही ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या अम्मी-अब्बांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिली तीन वर्षं म्हणजे शागिर्दी. पण शागिर्दीलाही हिशेब असतो. काय शिकायचं, कुणाकडे शिकायचं आणि तोपर्यंत घर कसं चालवायचं, हे तिन्ही आधी ठरवलं तर माणूस टिकतो.

सनद कशी मिळते?

पदवी हातात आली म्हणजे वकिली करता येते असं नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ नुसार राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल करते. वय २१ पूर्ण हवं. नोंदणीनंतर जे प्रमाणपत्र मिळतं त्याला सगळे 'सनद' म्हणतात.

नोंदणीच्या फीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कायद्याच्या कलम २४ मध्ये राज्य कौन्सिलसाठी ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियासाठी १५० असे एकूण ७५० रुपये ठरलेले आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना १२५ रुपये. अनेक राज्यांत यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम घेतली जात होती. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने गौरव कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. स्टॅम्प ड्युटी लागत असेल ती वेगळी.

कागदपत्रांत सर्वात जास्त अडतं ते नावावर. दहावीच्या सर्टिफिकेटवर 'शेख' आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगने. मुलींच्या बाबतीत लग्नानंतरचं नाव आणखी वेगळं. हे शेवटच्या वर्षातच तपासा. फरक असेल तर शासनाच्या राजपत्रात नावाची नोंद करून घ्या. त्याला वेळ लागतो. एकदा सनदेवर चुकीचं नाव छापलं गेलं की दुरुस्तीसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात.

सनदेनंतरची परीक्षा

नोंदणी झाल्यावर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे एआयबीई, द्यावी लागते. ती नोंदणीपासून दोन वर्षांत पास होणं गरजेचं आहे. तोपर्यंतची नोंदणी तात्पुरती असते. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, साडेतीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. खुल्या आणि ओबीसी वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के गुण लागतात. पेपर मराठीतूनही देता येतो आणि नोट्स नसलेले बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात.

परीक्षा अवघड नाही, पण हलक्यात घेऊ नका. सिनिअरकडे जायला लागल्यावर अभ्यासाला वेळ उरत नाही. कामाच्या रगाड्यात दोन वर्षं कधी निघून गेली कळत नाही. पहिल्याच संधीला परीक्षा देऊन मोकळं व्हावं.

सिनिअर कसा निवडावा?

इथे आपली मुलं दोन चुका करतात. एक, ज्यांचं नाव मोठं त्यांच्याकडेच जायचं. दोन, जे ओळखीचे किंवा आपल्या समाजाचे त्यांच्याकडेच जायचं. मोठ्या नावाच्या ऑफिसात दहा ज्युनिअर असतात आणि अकराव्याला फक्त बॅगा उचलायला मिळतात. ओळखीच्या माणसाकडे पैशाचं आणि कामाचं बोलता येत नाही. दोन्ही ठिकाणी चांगले गुरू भेटू शकतात, पण निवडीचं कारण नाव किंवा नातं नसावं.

आमचा सल्ला असा. सनद मिळायच्या आधी किंवा लगेच नंतर आठवडाभर कोर्टात जाऊन बसा. खुल्या कोर्टात बसायला कुणाची परवानगी लागत नाही. कोण तयारीने उलटतपास घेतो, कोण दर वेळी फक्त मुदत मागतो, कुणाचा ज्युनिअर उभा राहून बोलतो आणि कुणाचा मागे फायली धरून उभा असतो, हे आठवड्यात दिसतं. बार रूममध्ये त्यांच्या आजी-माजी ज्युनिअरना विचारा. वकिलांच्या कारकुनांना तर सगळ्यांची खरी माहिती असते.

मग भेटायला जाल तेव्हा हे सरळ विचारा: ऑफिसात दिवाणी कामं जास्त की फौजदारी? ड्राफ्टिंग ज्युनिअर करतात का? छोट्या अर्जावर उभं राहायला किती दिवसांत मिळेल? महिन्याला काय मिळेल? परीक्षेसाठी सुट्टी मिळेल का? जुमाच्या नमाजची वेळही पहिल्याच भेटीत सांगून टाका, नंतर चोरून जाण्यापेक्षा ते बरं. नीट विचारलेल्या प्रश्नाचा चांगला सिनिअर राग धरत नाही.

तालुका, जिल्हा की हायकोर्ट?

तालुका कोर्टात माणूस लवकर उभा राहायला शिकतो. वाटणीचा दावा, रस्त्याचा वाद, पोटगी, जामीन, चेकची केस, सगळं हाताखालून जातं. जिल्हा कोर्टात सेशन केसेस, अपिलं आणि अपघात भरपाईचे दावे बघायला मिळतात. हायकोर्टात कायद्याचा अभ्यास खोल होतो, पण इंग्रजी पक्की लागते आणि मुंबईसारख्या शहरात राहण्याचा खर्च मोठा असतो.

मुंबई हायकोर्टाची नागपूर, औरंगाबाद आणि पणजीत खंडपीठं आहेतच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या तरुणांना आता हायकोर्टाचं काम शिकायला मुंबईच गाठायला हवी असं राहिलं नाही.

घरचे पहिलेच वकील असाल तर दीड-दोन वर्षं जिल्हा किंवा तालुका कोर्टात काढून मग हायकोर्टाचा विचार करणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. खालच्या कोर्टात पुरावा कसा नोंदवला जातो हे ज्याने पाहिलं, त्याला वरच्या कोर्टात अपिलाची फाईल वाचताना ती जिवंत दिसते.

पहिल्या वर्षाचं खरं काम: तारीख सांभाळणं

ज्युनिअरचं काम म्हणजे फायली उचलणं, असं बाहेरून दिसतं. खरं काम डायरीत असतं. आदल्या संध्याकाळी उद्याचा बोर्ड बघायचा, फायली काढायच्या, मागच्या तारखेला काय झालं ते वाचायचं. कोर्टात पुकारा होताना हजर राहायचं. पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे, हे दोन्ही लिहायचं. संध्याकाळी ती नोंद ऑफिसच्या डायरीत आणि फाईलच्या कव्हरवर उतरवायची. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सोळा आकडी सीएनआर नंबर टाकला की केसची स्थिती दिसते, पण फक्त अ‍ॅपवर विसंबू नका. सिनिअरला नुसती तारीख पुरत नाही. कोर्ट काय म्हणालं हेही त्यांना हवं असतं आणि ते सांगायला तिथे असलेला माणूसच लागतो.

तारखेला एवढं महत्त्व का, हे चेकच्या केसमधून कळतं. चेक वटला नाही अशी माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीला उशीर झाला तर मात्र माफी नाही, त्या नोटिशीवर उभी केलेली केस पडते. एखाद्या छोट्या दुकानदाराचे लाखभर रुपये ज्युनिअरच्या डायरीतल्या एका ओळीवर अवलंबून असतात.

असंच इतर ठिकाणी. दिवाणी दाव्यात प्रतिवादीला कैफियत द्यायला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवू शकतं. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा कोर्टात अपील ३० दिवसांत, हायकोर्टात ९० दिवसांत करावं लागतं. नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वगळला जातो, म्हणून निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यायची सवय लावा. फौजदारीत आरोपी कोठडीत असेल तर ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं का, हे मोजणं बचावाच्या ज्युनिअरचं काम. ते आलं नसेल तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो. कुणी मोजलंच नाही तर कोण मागणार?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुना भारतीय दंड विधानच लागतो. त्यामुळे आजच्या ज्युनिअरला जुनी-नवी दोन्ही कलमं तोंडपाठ हवीत. यात एक फायदाही आहे. नव्या कलमांच्या बाबतीत वीस वर्षांचा वकील आणि तुम्ही जवळपास एकाच ओळीत उभे आहात.

कोर्टाची मराठी

महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेपासून जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. इंग्रजी माध्यमातून एलएलबी झालेल्यांना आणि उर्दू माध्यमात शाळा केलेल्यांना इथे अडखळायला होतं. दोघांनीही लाजू नये. कोर्टाची मराठी शाळेत कुणालाच शिकवत नाहीत.

उर्दू घरातल्या मुलांना तर अर्धे शब्द ओळखीचे वाटतील: वकील, फिर्याद, दावा, अर्ज, जामीन, हुकूमनामा, दस्तऐवज, नक्कल. पण अर्थ नीट बघा. 'कैफियत' म्हणजे इथे हालहवाल नव्हे, प्रतिवादीचं लेखी उत्तर. 'दरखास्त' म्हणजे कुठलीही विनंती नव्हे, हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारी कार्यवाही. 'पुरसीस' म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारं छोटं निवेदन. 'निशाणी' म्हणजे फाईलमधल्या कागदाला मिळालेला क्रमांक. 'रोजनामा' म्हणजे त्या तारखेला काय झालं याची कोर्टाने केलेली नोंद. सरतपास आणि उलटतपास यांतला फरक तर पहिल्याच आठवड्यात कळतो.

शिकायचा सोपा मार्ग: ऑफिसातल्या निकाली फायली घ्या आणि दहा दावे, दहा कैफियती, दहा जामीन अर्ज हाताने उतरवून काढा. सातबारा, फेरफार, आठ-अ, खरेदीखत, हक्कसोडपत्र वाचायला शिका. ग्रामीण भागातल्या दिवाणी कामात हे कागद वाचता आले नाहीत तर पुढचं काहीच कळत नाही.

उर्दू वाचता येणाऱ्यांनी ते विसरू नये. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून तिथला जुना महसुली दप्तरखाना बराचसा उर्दूत आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज पडली, ती यामुळेच. जुने निकाहनामे, वक्फनामे, इनामाचे कागद वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगणारा ज्युनिअर कुठल्याही ऑफिसला हवाच असतो.

पैशाचं बोलणं

हा विषय सगळे टाळतात, म्हणून आम्ही सविस्तर लिहितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअरना दरमहा शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ही शिफारसच आहे, सक्ती नाही. अनेक ऑफिसांत याच्या जवळपासही रक्कम मिळत नाही, काही ठिकाणी सुरुवातीला काहीच मिळत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

तरीही बोला. "सर, येण्याजाण्याचा खर्च तरी निघाला पाहिजे" हे म्हणण्यात कमीपणा नाही. सुरुवातीची रक्कम लहान असली तरी सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. वर्ष झालं, तुम्ही बोर्ड सांभाळताय, ड्राफ्ट करताय, आणि तरी ना पैसा ना उभं राहायची संधी, तर ऑफिस बदला. वकिली सोडण्याची गरज नाही.

बाहेरची कमाई करताना नियम बघा. सनद चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. केली तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायला परवानगी आहे. सिनिअरच्या संमतीने इतर वकिलांचे ड्राफ्ट आणि भाषांतरं करून देणं हाही चांगला आधार होतो.

आणखी एक वाट फार जणांना माहीत नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सिल योजनेत 'असिस्टंट' पदासाठी तीन वर्षांपर्यंत फौजदारी अनुभव असलेल्या वकिलांनाही घेतात. दरमहा ठरलेलं मानधन मिळतं आणि गरीब आरोपींच्या केसेस स्वतः हाताळायला मिळतात. जिल्हा कोर्टातल्या प्राधिकरणाच्या ऑफिसात जाहिरातीची चौकशी करत राहा.

घरच्यांनाही सांगायचं आहे. पोरगं दुबईला पाठवायचं म्हटलं की आपण दोन-तीन लाख उभे करतो. तोच हिशेब इथे करा. तीन वर्षं दरमहा किती लागतील, ते कुठून येतील, हे सनदेच्या आधी बसून ठरवा. रोज टोमणे मारून वकील घडत नाही.

मुलींसाठी दोन शब्द

फातिमा बीवी यांनी १९५० मध्ये केरळात कोल्लमच्या खालच्या कोर्टात वकिली सुरू केली आणि १९८९ मध्ये त्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. सुरुवात जिल्ह्याच्या ठिकाणीच झाली होती. ऑफिस निवडताना आधीच्या महिला ज्युनिअरशी जरूर बोला: रात्री किती वाजेपर्यंत थांबावं लागतं, मुलींना फक्त टायपिंग देतात की कोर्टातही पाठवतात. "मुलगी आहे, कौटुंबिक केसेसच करेल" हे कुणी म्हणालं तर नम्रपणे दिवाणी आणि फौजदारी फायलीही मागा. घरच्यांनी लग्न ठरवताना मुलीची वकिली चालू राहणार का, हे मेहरइतकंच स्पष्ट बोलून घ्यावं.

मोहल्ल्यातले पक्षकार आणि काही पथ्यं

सनद मिळताच ओळखीचे लोक दारात येतात. त्यांना मदत करा, पण काही गोष्टी पाळा.

निकालाची हमी कधीच देऊ नका. जिंकलेल्या रकमेत वाटा ठरवून फी घेऊ नका, नियमांनुसार ते गैरवर्तन आहे. कामं मिळवण्यासाठी दलाल ठेवणं किंवा स्वतःची जाहिरात करणं यालाही बंदी आहे. पोलीस स्टेशनातला 'सेटिंगवाला' अशी ओळख एकदा झाली की ती आयुष्यभर पुसत नाही. पक्षकाराने सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर तर सोडाच, घरातही बोलू नका. वकील आणि पक्षकार यांच्यातली गोपनीयता कायद्याने बांधलेली आहे. आणि ज्या केसमध्ये दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र आहे, ती त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नका. संमती मिळत नसेल तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

दुसरी बाजूही आहे. तलाक, वारसा आणि वक्फ एवढीच 'मुस्लिम वकिलाची' कामं, असा समज बाहेरही आहे आणि आपल्यातही. ही कामं नीट शिकाच, पण तेवढ्यावर थांबू नका. नागपुरात १९३० मध्ये वकिली सुरू करणारे मोहम्मद हिदायतुल्लाह पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. मुंबईच्या बारमधून पुढे आलेले एम. सी. छागला १९४७ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्यांचा अभ्यास एका समाजाच्या कायद्यापुरता नव्हता.

तीन वर्षांनंतर

२० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. अनुभवाचा दाखला लागतो, तो दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने दिला तर त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. म्हणजे 'सनद घेऊन घरी अभ्यास' हा मार्ग बंद झाला. ज्यांना न्यायाधीश व्हायचं आहे त्यांनीही कोर्टात खरोखर उभं राहावं आणि आपण हजर असलेल्या केसेसची नोंद ठेवावी.

स्वतःचं ऑफिस काढायचं असेल तर सिनिअरच्या फायली आणि पक्षकार घेऊन निघू नका. सांगून, आशीर्वाद घेऊन निघा. पुढची कितीतरी कामं त्यांच्याकडूनच येतील.

शेवटी आमची एक विनंती जम बसलेल्या वकील मंडळींना. तुमच्या ऑफिसात घरातला पहिला वकील असलेला एक तरी ज्युनिअर घ्या, समाज कुठलाही असो. त्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम द्या आणि महिन्यातून एकदा तरी छोट्या अर्जावर स्वतः बोलू द्या. एवढं झालं तर दुसऱ्या वर्षी तो कोट खुंटीला टांगला जाणार नाही.